पुणे, नागपूर, हैदराबाद, श्रीरंगपट्टण विरुद्ध कंपनी: सत्तेच्या तोलाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्तेचा तोल, बॅलन्स ऑफ पॉवर म्हणतात ते नेमकं काय असतं?

एखादं राज्य इतकं वाढायला लागलं की बाकीच्यांना वाटतं उद्या आपलं काही खरं नाही, मग ते बाकीचे आपसात कितीही भांडत असले तरी त्या एकाला आवरायला एकत्र येतात. हे झालं की तोल साधला म्हणायचं. ह्यासाठी दोस्ती लागत नाही, विश्वाससुद्धा फार लागत नाही, फक्त समोरचा धोका एकच आहे हे सगळ्यांना एकाच वेळी दिसावं लागतं, आणि दिसत राहावं लागतं. हे दुसरं जास्त अवघड आहे, खाली त्याबद्दलच बरंच लिहिलंय.

उदाहरण म्हणून १७८० चंच का? युरोपची, अमेरिका-रशियाची एवढी उदाहरणं आहेत.

आहेत, आणि कॉलेजात तीच शिकवतात. पण त्याच काळात पुण्यात बसून नाना फडणवीसांनी पेशवे, नागपूरकर भोसले, हैदराबादचा निजाम आणि म्हैसूरचा हैदरअली अशा चार सत्तांना ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध एका करारात आणलं होतं. चौघांनी चार दिशांनी एकाच वेळी हल्ला करायचा, हैदरने मद्रासवर, भोसल्यांनी बंगालवर, निजामाने उत्तर सरकारांवर म्हणजे आजच्या आंध्रच्या किनाऱ्यावर, आणि पुणेकरांनी मुंबई-गुजरातेत. राज्यं ताकद कशी कमावतात, वापरतात आणि गमावतात हे सगळं ह्या एका प्रकरणात सापडतं, आणि आपल्याला ते शाळेत दोन ओळींत उरकून शिकवलं जातं ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण हे सगळे एकाच देशातले ना, मग ह्याला आंतरराष्ट्रीय कसं म्हणायचं?

नावाला सगळे दिल्लीच्या बादशहाचे. प्रत्यक्षात प्रत्येकाची स्वतःची फौज, स्वतःचा वसूल, स्वतःचे तह आणि एकमेकांच्या दरबारात कायम बसलेले वकील. तेव्हाचा वकील म्हणजे कोर्टातला नाही, आजचा राजदूत. कंपनीनेही १७८६ पासून पुण्यात चार्ल्स मॅलेटला रेसिडेंट म्हणून ठेवला होता. ज्यांच्यावर कुणाचाच वरून खरा ताबा नाही अशी राज्यं शेजारी शेजारी असली की नियम तेच लागतात.

ताकद येते कुठून? फौजेतून?

फौज दिसते म्हणून सगळे फौज मोजतात. पण फौजेला दर महिन्याला पगार लागतो, आणि तिथेच खरी गोम आहे.

मराठ्यांची ताकद चौथाई आणि सरदेशमुखीवर वाढली, म्हणजे दुसऱ्याच्या मुलखातल्या वसुलाचा चौथा हिस्सा आणि वर दहावा हिस्सा. पुढे सरदारांना सरंजाम दिले गेले, मुलूख तुमचा, वसूल तुम्ही करा आणि त्यातून फौज बाळगा. विस्तारासाठी ही पद्धत जबरदस्त होती, पुण्याला खजिन्यातून पैसा न काढता माळवा, गुजरात, ओरिसापर्यंत पोचता आलं. तोटा असा की शिंद्यांची फौज शिंद्यांच्या पैशावर उभी आणि भोसल्यांची भोसल्यांच्या, त्यामुळे पेशव्यांचा हुकूम पाळायचा की आपला मुलूख सांभाळायचा हा प्रश्न आला की सरदार मुलखाकडे बघायचा. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याची शिबंदी तिथूनच पोसली जायची.

कंपनीला १७६५ मध्ये बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी मिळाली, म्हणजे हिंदुस्थानातल्या सगळ्यात श्रीमंत सुभ्याचा वसूल. आणि पैसा कमी पडला की कर्जरोखे काढून उभा करता येत होता. मुंबईकर, मद्रासकर आणि कलकत्तेकर इंग्रज एकमेकांचं तोंड बघायला तयार नसायचे, पत्रांतून अक्षरशः भांडायचे, पण अडचण आली की बंगालचा पैसा आणि पलटणी मद्रासला जायच्या, मुंबईला जायच्या. पुण्याचा पैसा नागपूरला कधी गेला नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची चावी इथे आहे.

आणि आरमार?

१७५६ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांना धडा शिकवायला इंग्रजांची मदत घेतली आणि विजयदुर्गाला आंग्र्यांचं आरमार जळालं. घरचा डोईजड सरदार आवरला खरा, पण पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना खऱ्या अर्थाने रोखणारी जी एक ताकद होती तीच संपवायला आपण हातभार लावला. नंतर पेशव्यांचं आरमार होतं, आनंदराव धुळपांनी पराक्रमही केले, पण मुंबई बेटाला धाक बसेल असं काही उरलं नाही. हे टोपीकर साधे व्यापारी नाहीत, ह्यांच्यामागे राजे उभे आहेत, असा इशारा रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवला होता.

कंपनी पुण्याच्या घरगुती भांडणात पडलीच कशी?

दुसऱ्याच्या घरात वारसाचं भांडण लागलं की एका बाजूला फौज द्यायची आणि बदल्यात मुलूख घ्यायचा, बाहेरची सत्ता वाढवायचा सगळ्यात स्वस्त रस्ता हाच, आणि कंपनीने तो कर्नाटकात (तेव्हाचं कर्नाटक म्हणजे मद्रासच्या आसपासचा मुलूख, आजचं राज्य नाही) आणि बंगालमध्ये वापरून झाला होता. ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यांचे काका राघोबादादा गादीवर बसले, मग बारभाईंनी, म्हणजे नाना फडणवीस आणि इतर कारभाऱ्यांच्या गटाने, त्यांना बाजूला केलं आणि नारायणरावांच्या तान्ह्या मुलाला, सवाई माधवरावांना पेशवा केलं. राघोबादादा गेले इंग्रजांकडे. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला, पेशवाई मिळवून द्या, मी साष्टी आणि वसई देतो. ठाणे-साष्टी तर मुंबईकर इंग्रजांनी त्याआधीच डिसेंबर १७७४ मध्ये घेऊन टाकली होती.

गंमत अशी की कलकत्त्याला हा तह मान्यच नव्हता, त्यांनी कर्नल अप्टनला पाठवून मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा वेगळा तह केला. मग लंडनहून निरोप आला की सुरतेचाच बरा होता. म्हणजे कंपनीत सगळं एकसुरी चालत होतं असं अजिबात समजू नका.

वडगावला काय झालं?

हे जरा सविस्तर सांगतो, कारण कमजोर बाजू ताकदवान बाजूला कसं हरवते ते इथे दिसतं.

१७७८ च्या शेवटी मुंबईहून चारेक हजारांची फौज राघोबादादांना घेऊन पुण्याकडे निघाली, तोफा, दारूगोळा आणि हजारो बैल. बोरघाट चढून खंडाळ्याला आले आणि तिथून पुढे त्यांचा वेग इतका पडला की दिवसाला जेमतेम एक-दोन मैल, कारण बैल चालतील तेवढंच लष्कर चालणार. मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई दिलीच नाही. बाजूने घोडेस्वार, पिछाडीला मारा, रसद तोडायची, चारा जाळायचा. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला, तोच तो इष्टुर फाकडा, शत्रू असूनही त्याच्या धाडसाला मावळातल्या लोकांनी हे नाव दिलं आणि वडगावला त्याचं थडगं आजही आहे. तळेगावला पोचले तर गाव रिकामं, जाळलेलं, दाणा नाही की चारा नाही. पुणं तिथून एका दिवसाच्या वाटेवर, आणि तिथेच त्यांचा धीर सुटला. ११ जानेवारी १७७९ च्या रात्री जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि मागे फिरले. वडगावला वेढले गेले. १७७३ पासून घेतलेला सगळा मुलूख परत करायचा, बंगालहून येणारी फौज परत फिरवायची, राघोबादादांना सोडून द्यायचं, असा करार करून सुटका झाली.

मग जिंकूनही हाती काय आलं?

फार थोडं. फौज सुखरूप मुंबईला पोचल्यावर मुंबईकरांनी करार नाकारला, आमच्या अधिकाऱ्यांना असा करार करायचा हक्कच नव्हता म्हणाले, कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जनेही तेच म्हटलं. राघोबादादा महादजी शिंद्यांच्या ताब्यात आले होते, त्यांना उत्तरेकडे नेताना ते वाटेतून निसटले आणि पुन्हा इंग्रजांकडे गेले. आणि जी बंगालची फौज परत फिरायला हवी होती ती कर्नल गॉडार्डच्या हाताखाली बुंदेलखंड, भोपाळ असं करत अर्धा हिंदुस्थान ओलांडून फेब्रुवारी १७७९ मध्ये सुरतेला येऊन थडकली.

करार कागदावर होता, पण तो मोडला तर किंमत मोजायला लावेल असं ओलीस काहीच हातात नव्हतं. दोन अधिकारी ओलीस ठेवले होते, ते कशाला पुरणार. वडगावला फौज सोडायला नको होती असं आज म्हणणं सोपं आहे, पण साष्टी परत हातात येईपर्यंत ती तिथेच अडकवून ठेवायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

चौघं एकत्र आले कसे? हैदर आणि मराठे तर पक्के वैरी होते.

होतेच की. माधवराव पेशव्यांनी हैदरवर स्वाऱ्या केल्या होत्या, आणि नंतर पुण्यातली गडबड बघून हैदरने कृष्णेपर्यंतचा मराठी मुलूख गिळला होता. पण प्रत्येकाला कंपनीने वेगवेगळं दुखावलं होतं. १७६९ च्या मद्रासच्या तहात इंग्रजांनी हैदरला मदतीचं वचन दिलं होतं आणि मराठे चालून गेले तेव्हा बोटसुद्धा हलवलं नाही, वर १७७९ मध्ये त्याच्या आश्रयाखालचं फ्रेंचांचं माहे बंदर घेतलं. निजामाचं दुखणं गुंटूरचं, मद्रासकरांनी त्याच्या पाठीमागे त्याच्या भावाशी परस्पर व्यवहार करून तो मुलूख घेतला. भोसल्यांना बंगालच्या थकलेल्या चौथाईचा राग.

नानांनी हैदरशी कृष्णेच्या दक्षिणेचा वाद त्याच्या बाजूने मिटवला. म्हणजे लढून परत घ्यायचा मुलूख सोडून दिला. ह्यावर तेव्हाही टीका झाली असणार, पण मोठ्या धोक्यासाठी लहान नुकसान सोसायची तयारी नसेल तर युती होतच नाही.

मग ती फुटली कशी?

एक एक करून.

हैदरने आपलं काम चोख केलं. जुलै १७८० मध्ये कर्नाटकात उतरला, १० सप्टेंबरला पोल्लिलूरला इंग्रज कर्नल बेलीची अख्खी तुकडी संपवली आणि जवळच असलेल्या हेक्टर मन्रोने जड तोफा कांचीच्या तळ्यात टाकून मद्रास गाठलं. तळेगावनंतर पावणेदोन वर्षांत दुसऱ्यांदा तोफा तळ्यात. इंग्रजांच्या दृष्टीने ह्याहून वाईट वेळ नव्हती.

आता हेस्टिंग्जने काय केलं बघा. निजामाला गुंटूर परत दिलं, निजाम थंड. नागपूरकरांची फौज चिमणाजी भोसल्यांबरोबर कटकेपर्यंत आली होती, त्यांना लाखो रुपये रोख दिले, फौज तिथेच बसली, आणि पुढे बंगालहून कर्नल पीअर्सच्या पलटणी मद्रास वाचवायला निघाल्या त्या भोसल्यांच्याच ओरिसातून वाट काढत गेल्या! ज्या वाटेने बंगालवर हल्ला व्हायचा होता त्याच वाटेने हैदरविरुद्ध कुमक गेली. समुद्रमार्गे कंपनीचा सेनापती आयर कूट १५ लाख रुपये आणि फौज घेऊन आधीच मद्रासला पोचला होता. पुण्याच्या बाजूला गॉडार्डने १७८० मध्ये अहमदाबाद आणि वसई घेतली, पण १७८१ मध्ये बोरघाट चढून पुण्याला धमकवायला गेला तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांनी त्याला मार देऊन परत पाठवलं.

हेस्टिंग्जने प्रत्येकाची किंमत वेगळी ओळखली, आणि ती देण्याएवढी रोकड त्याच्याकडे होती. युतीकडे सामाईक खजिना नव्हता, त्यामुळे नागपूरकरांना नानांनी फक्त पत्रं पाठवली. तुमची आठवण करून देणारी, वचन आठवा म्हणणारी पत्रं. पत्रावर फौज किती दिवस पोसणार?

महादजींनी दगा दिला का?

हा प्रश्न आला की नाना गट आणि महादजी गट अशी भांडणं सुरू होतात, आणि मला ती पटत नाहीत, दोघंही आपापल्या जागी मोठे होते.

ऑगस्ट १७८० मध्ये इंग्रजांच्या पोफॅमने रात्रीत शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. म्हणजे महादजी गुजरातेत पेशव्यांसाठी लढत असताना त्यांच्या स्वतःच्या माळव्याला धोका आला. मार्च १७८१ मध्ये कॅमॅकने त्यांच्या छावणीवर रात्री छापा घातला. महादजींनी ऑक्टोबर १७८१ मध्ये इंग्रजांशी आपल्यापुरतं मिटवलं आणि मग दोन्ही बाजूंमध्ये मध्यस्थ झाले. आपल्या अडचणीतून आपलंच वजन वाढवून घेणं ह्याला मी दगा म्हणणार नाही. पण हैदर एकटा पडला हे खरंच, आणि ते नाकारायचं कारण नाही.

सालबाईचा तह कोणाचा विजय?

१७ मे १७८२ ला झाला. साष्टी इंग्रजांकडेच, वसई परत मराठ्यांना, राघोबादादांना महिना २५ हजारांची नेमणूक आणि पेशवाईचा हक्क संपला, पोर्तुगीज सोडून इतर युरोपियनांना मराठी राज्यात थारा द्यायचा नाही, हैदरने जिंकलेला मुलूख परत करायचा. महादजी हमीदार.

नानांनी मंजुरी द्यायला मुद्दाम महिनोन् महिने लावले, हैदर जिवंत असताना त्याच्या नावाने इंग्रजांवर दबाव ठेवायचा म्हणून, आणि ७ डिसेंबर १७८२ ला हैदर वारल्यावरच शिक्का उठवला. सात वर्षं लढून कंपनीला एक साष्टी मिळाली आणि खजिना इतका खाली झाला की हेस्टिंग्जने बनारसच्या चेतसिंगाला आणि अवधच्या बेगमांना पिळून पैसा काढला. त्यामुळे मी तरी बरोबरी म्हणेन. पुढची वीस वर्षं इंग्रजांनी पुण्यावर हात टाकला नाही, ही त्या युतीची कमाई.

फ्रेंचांचा उपयोग झाला का?

धाक म्हणून बराच, मदत म्हणून मराठ्यांना काहीच नाही. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच पुण्यात आला, नानांनी त्याचा थाटात मान ठेवला, आणि मुंबई-कलकत्त्यात घबराट उडाली. दुसऱ्या वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्स उतरला त्यामुळे ती घबराट खरी वाटायला लागली. पण इंग्रजांना लवकर लढाईत ओढण्यातही ह्याच धाकाचा हात होता, ही दुसरी बाजूसुद्धा बघा.

१७९० मध्ये मराठे इंग्रजांबरोबर टिपूवर का गेले? हा तर उलटा खेळ झाला.

त्यांच्या नजरेतून नाही. टिपू शेजारी, त्याच्याशी सीमेवर रोजची मारामारी, आणि कंपनी तेव्हा मुंबईत शांत बसलेली. जवळचा धोका मोठा दिसतो. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूचं अर्धं राज्य गेलं, ३ कोटी ३० लाख दंड आणि दोन मुलं ओलीस. मराठ्यांची हद्द तुंगभद्रेपर्यंत गेली. टिपूला पूर्ण बुडवू नये असं मराठ्यांना वाटत होतं, ते बरोबरच होतं, पण अर्धा झालेला टिपू इंग्रजांना थोपवू शकत नव्हता. १७९९ मध्ये तो एकटाच लढून मेला.

मला विचाराल तर तोल इथे गेला, १८०२ मध्ये पेशव्यांनी वसईला कंपनीशी तह केला (खाली येतो) तेव्हा नाही. वसईच्या तहाला आपण फार नावं ठेवतो, पण तोपर्यंत बाजूचे सगळे आधार निघून गेले होते.

आणि खर्डा? तो तर मोठा विजय होता.

११ मार्च १७९५, सगळे सरदार एका झेंड्याखाली लढले ते शेवटचं. पण हरवलं कुणाला? निजामाला. इंग्रज तेव्हा तटस्थ राहिले, निजामाला राग आला म्हणून त्याने फ्रेंच रेमंडची फौज वाढवली, आणि वेल्स्ली गव्हर्नर जनरल म्हणून आल्यावर १७९८ मध्ये घाबरलेला निजाम तैनाती फौज घेऊन कायमचा कंपनीच्या कुशीत गेला. हरवलेल्याला उठून उभं राहायला जागा ठेवली नाही की तो तिसऱ्याकडे जातो.

तैनाती फौज म्हणजे नक्की काय प्रकार?

कंपनीची फौज तुमच्या राज्यात, खर्च तुमचा, आणि दुसऱ्या राज्यांशी बोलणी फक्त कंपनीमार्फत. सोसायटीला वॉचमन ठेवावा आणि मग गेटची किल्ली, रजिस्टर, पार्किंग सगळं त्याच्याच हातात जावं तसं, फरक इतकाच की हा वॉचमन तोफा घेऊन आलेला. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला शिंदे-पेशव्यांना हरवलं, दुसरे बाजीराव पळाले, आणि ३१ डिसेंबरला वसईला त्यांनी सही केली. सहा हजार पायदळ आणि त्यासाठी २६ लाखांचा मुलूख.

१८०३ मध्ये शिंदे आणि भोसले असई, आडगावला लढले तेव्हा होळकर बाजूला उभे होते. १८०४ मध्ये होळकर लढले, आणि चांगले लढले, तेव्हा बाकीचे संपले होते. शिंद्यांच्या कवायती पलटणींतले बरेच युरोपियन अधिकारी ऐन लढाईच्या वेळी कंपनीचं पेन्शन घेऊन निघून गेले.

आजच्या जगाला हे लागू होतं का?

अणुबॉम्ब आणि जागतिक बँकिंग आल्यावर सगळं जसंच्या तसं लावू नका. पण कुठल्याही नव्या आघाडीची बातमी वाचली की मी दोन गोष्टी बघतो. खर्च कोण करणार आणि तो एका सदस्याकडून दुसऱ्याकडे खरंच जातो का. आणि समोरची सत्ता त्यातल्या कुणाला वेगळं गाठून काय देऊ शकते. फोटोत किती नेते उभे आहेत ह्यावरून काही कळत नाही.

मूळ कागद वाचायचे असतील तर?

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, बहुतेक सगळं मोडीत. त्यातला बराच भाग बाळबोधीत छापलेलाही आहे, पण न छापलेला त्याहून कितीतरी जास्त. मोडीचे वर्ग आता पुण्या-मुंबईत आणि ऑनलाइनही चालतात, अक्षरं काही आठवड्यांत येतात, हात बसायला मात्र वेळ लागतो. वकिलांच्या पत्रांपासून सुरुवात करा, हिशेबाच्या कागदांपेक्षा ती सोपी जातात आणि कोण कुणाला कधी काय देऊ करत होतं ते तारखेनिशी त्यातच सापडतं.